संस्थेचे काम गावात रुजवायचे असेल, तर कार्यकर्तीच्या प्रवासभत्त्यापासून सुरुवात करा

गावाला संस्थेचे नाव क्वचितच ठाऊक असते. त्याला ठाऊक असतात त्या दर मंगळवारी येणाऱ्या ताई. त्यामुळे लोकसंपर्क आणि कार्यालयातील वातावरण ही दोन वेगळी खाती मानून नियोजन केले, तर दोन्हीकडे तोटा होतो. ताईंनी कंटाळून काम सोडले की फलक कितीही मोठा असला तरी गावाशी असलेले नाते तुटते.

संपर्काची आखणी करताना आधी गावाचे वेळापत्रक समजून घ्यावे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांसाठीची बैठक डिसेंबरात ठेवली, तर समोर प्रामुख्याने म्हातारी माणसे आणि मुले बसतील, कारण कामाची माणसे दिवाळीच्या सुमारासच फडावर गेलेली असतात. शेतमजूर स्त्रियांची बैठक सकाळी अकराला बोलावणे म्हणजे त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडवणे होय. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांना जरूर जावे, पण त्यांआधी होणाऱ्या महिला सभेत विषय मांडला, तर मुख्य सभेत तो उचलून धरणारे कोणी तरी असते. व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकून मोकळे होऊ नये. अनेक घरांत फोन पुरुषाच्या खिशात असतो. आठवडी बाजार आणि अंगणवाडी या जुन्या जागा आजही अधिक भरवशाच्या आहेत.

संपर्क म्हणजे सांगणे नव्हे, आधी विचारणे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या आरोग्यक्षेत्रातील संस्थेचे काम सुरू केले. पुढे शोधग्राम या संस्थेच्या परिसरातील रुग्णालय आदिवासींशी बोलून, त्यांच्या वस्तीसारखे बांधले गेले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. नवजात बाळांच्या घरोघरी काळजीसाठी त्यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. बाहेरून रोज येणाऱ्या तज्ज्ञाला रात्री दोन वाजता बाळंतिणीच्या घरी पोहोचणे जमले नसते.

आता कार्यालयाकडे वळू. माझ्या मते, निम्म्या संस्थांचा आजार ‘सेवाभाव’ या शब्दात लपलेला असतो. कार्यकर्ती पेट्रोल स्वतःच्या पैशाने भरते, बिले महिनोन्महिने पडून राहतात, आणि अनुदानाचा हप्ता लांबला की पहिला फटका तिच्या मानधनाला बसतो. यावर उपाय रूक्ष आहेत. प्रवासभत्ता आठवड्याच्या आत द्यावा, किमान तीन महिन्यांच्या मानधनाइतकी गंगाजळी वेगळी ठेवावी आणि रविवारी बैठक घेतली तर बदली सुट्टी लेखी नोंदवून द्यावी. ‘सीएसआरमध्ये (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीत) प्रशासकीय खर्च पाच टक्केच चालतो’ असे सांगून देणगीदार कंपनी या खर्चाला नकार देत असेल, तर नम्रपणे नियम दाखवावा: ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, संस्थेच्या खर्चाला नाही. अर्थात, प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात हा खर्च सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलेला असायला हवा. नंतर मागितलेले पैसे सहसा मिळत नाहीत.

दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री कर्मचारी असावी लागते आणि निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. विनामोबदला काम करणारे स्वयंसेवक या कायद्याच्या कक्षेत येतात, तसेच कामानिमित्त भेट दिलेले गावही कामाचे ठिकाण ठरते. हे दोन्ही मुद्दे नव्या कार्यकर्तीला पहिल्याच दिवशी सांगावेत. संस्था याहून लहान असेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. कौटुंबिक हिंसेची प्रकरणे हाताळणाऱ्यांना महिन्यातून एकदा संस्थेबाहेरील समुपदेशकाशी बोलण्याची सोय करून द्यावी. ते बोलणे अहवालात येता कामा नये, नाही तर कोणी बोलणार नाही.

परिणाम मोजताना बैठकीतील डोकी मोजण्यापेक्षा दुसऱ्यांदा कोण आले याची नोंद ठेवावी. प्रत्येक गावाची एक वही असावी: कोणाच्या ओट्यावर बैठक जमते, कोणते घर नाराज आहे, दळण कोणत्या दिवशी असते. कार्यकर्ती काम सोडत असेल, तर शेवटचे दोन आठवडे तिने नव्या कार्यकर्तीला सोबत घेऊन घरोघरी ओळख करून द्यावी आणि ती वही तिच्या हाती सोपवावी. या दोन आठवड्यांचे मानधन दोघींनाही पूर्ण द्यावे.