स्कॅनर संगणकाला जोडताना: केबल, पोर्ट आणि पहिला आदेश

रेडिओ स्कॅनर, म्हणजे एकामागून एक वारंवारता तपासून संदेश ऐकवणारा रेडिओ संच, संगणकावरून चालवायचा असेल, तर मोठे सॉफ्टवेअर टाकण्याआधी केबल आणि पोर्ट यांची खात्री करून घ्यावी. कारण आमच्यासारख्या खेड्यातून नागपूर-अमरावतीच्या दुकानापर्यंत जायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि दोष नेमका कशात आहे हे ठाऊक नसेल तर ती फेरी फुकट जाते. येथे युनिडेनचा बीसी१२५एटी हा संच आणि विंडोजचा लॅपटॉप गृहीत धरला आहे. संच बाळगण्याआधी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचे हौशी रेडिओ लायसन्स घ्यावे, आणि पोलिसांचे संदेश ऐकण्याच्या फंदात मुळीच पडू नये.

या संचाला मिनी यूएसबी केबल लागते. चार्जिंगसाठी म्हणून मिळणाऱ्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच, त्यामुळे संचाला वीज मिळते पण संगणकाला तो दिसत नाही. यूएसबी जोडल्यावर आतील सेल चार्ज होऊ शकतात. म्हणून साधे अल्कलाइन सेल घातले असतील तर सेलच्या खणातील छोटा स्विच अल्कलाइनवरच आहे ना, हे आधी पाहावे.

आता विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडून 'पोर्ट्स' या मथळ्याखाली आलेला कॉम क्रमांक, म्हणजे संचाच्या पोर्टचा क्रमांक, कागदावर लिहून घ्यावा. या यादीत संचाच्या नावापुढे पिवळी खूण दिसली, तर ड्रायव्हर (संगणकाला संचाची ओळख करून देणारे छोटे सॉफ्टवेअर) नीट बसलेला नाही असे समजावे. मग पोर्टवर आदेश टाइप करून पाठवणाऱ्या पुटी या मोफत प्रोग्राममध्ये सीरियल हा पर्याय, तो क्रमांक आणि ११५२०० हा वेग देऊन इंग्रजी मोठ्या लिपीत एम-डी-एल ही तीन अक्षरे टाइप करावीत व एंटर दाबावे. अक्षरे उमटली नाहीत तरी चालेल. उत्तरादाखल संचाचे नाव पडद्यावर आले, की केबल, ड्रायव्हर आणि पोर्ट तिन्ही ठीक आहेत.

पुटी बंद करूनच प्रोस्कॅनसारखे स्कॅनर चालवण्याचे सॉफ्टवेअर सुरू करावे, कारण एका पोर्टवर एका वेळी एकच प्रोग्राम बोलू शकतो. त्यात मॉडेल आणि कॉम क्रमांक निवडल्यावर सर्वांत आधी संचातील ५०० चॅनेल वाचून त्यांची फाइल जपून ठेवावी. हे मी कळकळीने सांगतो: एकदा संचात नवी यादी लिहीत असतानाच भारनियमनाने माझा डेस्कटॉप बंद पडला आणि निम्मी यादी जुनी, निम्मी नवी अशी खिचडी झाली, जुनी फाइल होती म्हणूनच सारे परत बसवता आले. तेव्हापासून हे काम मी बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवरच करतो.

यूएसबीतून केवळ आदेश जातात, आवाज नाही. ध्वनिमुद्रण हवे असल्यास संचाच्या हेडफोन जॅकमधून लॅपटॉपच्या माइकच्या जॅकपर्यंत वेगळी वायर टाकावी. चाचणीसाठी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची १४५.८०० मेगाहर्ट्झ ही एफएम वारंवारता साठवावी; मात्र स्थानक आपल्या आकाशातून जात असेल तेव्हाच तिच्यावर काही ऐकू येऊ शकते. नुसती खरखर येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून आणि जवळचा एलईडी दिवा बंद करून पाहावे. तरीही ती थांबली नाही, तर संच घेऊन शेताच्या धुऱ्यावर, मोटारपंपाच्या स्टार्टरपासून दूर जावे.