जुनं ब्रॉडकास्ट मॉड्यूल माइक-प्रीअ‍ॅम्प म्हणून वापरताय? या चुका टाळा

रेडिओ केंद्रांतून आणि जुन्या स्टुडिओंतून निघालेली व्हॉल्व्हची (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांची) अ‍ॅम्प्लिफायर मॉड्यूल्स घरी रेकॉर्डिंग करणारे लोक प्रीअ‍ॅम्प, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र, म्हणून वापरायला जिवाच्या आकांताने शोधत असतात. जर्मन व्ही72 त्यांतलं सगळ्यात गाजलेलं. त्याचाच 40 डेसिबल गेनचा (गेन म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) भाऊ व्ही72एस ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या रेड 37 या मिक्सिंग कन्सोलमध्ये होता. असं काही हाती लागलं की कधी एकदा माइक जोडून ऐकतो असं होतं, आणि इथेच घोडं पेंड खातं. मॉड्यूल म्हणजे अख्खं यंत्र नव्हे. त्याच्या आधी काय येणार, पुढे काय जोडणार, आवाज कुठे कमी-जास्त करणार, हे सगळं कन्सोल बांधणाऱ्याने ठरवलेलं असे. कन्सोल गेलं, ती कामं आता तुमच्या गळ्यात.

थेट प्लगमध्ये घालणे

वर्षानुवर्षं पडून राहिलेले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकलेले असतात, कागदी कपलिंग कपॅसिटर गळके. गळक्या कपॅसिटरमुळे पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन डीसी व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह तापतो आणि आवाज चिरका येतो. दोन्ही प्रकार आधी बदला, मग मालिकेत बल्ब लावून वीज द्या. बल्ब पेटलेलाच राहिला तर समजा, आत कुठेतरी शॉर्ट आहे. एसीचा डीसी करणारा जुना सेलेनियम रेक्टिफायर काढून सिलिकॉन डायोड लावलात तर हायटेन्शन, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारं उच्च डीसी व्होल्टेज, वाढतं, ते उतरवायला मालिकेत रेझिस्टर हवाच.

हे हायटेन्शन 250 ते 300 व्होल्टच्या घरात असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतं. मीटरने मोजल्याशिवाय आत बोट घालू नका. यात हयगय नको.

फँटमची घाई

माझ्या मते सर्वात महागडी चूक हीच, कारण मूळ इनपुट ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळत नाही. फँटम म्हणजे कंडेन्सर माइकला त्याच्याच केबलमधून दिलेली वीज. तिचे 48 व्होल्ट 6.8 किलोओहमच्या दोन रेझिस्टरमधून येतात. इनपुट वाइंडिंगचं एक टोक अर्थला जोडलेलं असेल तर सुमारे 7 मिलिअ‍ॅम्पियर डीसी थेट वाइंडिंगमधून वाहतो आणि कोअरमध्ये चुंबकत्व उरतं. मधला टॅप अर्थला असेल तर कोअर बचावतो, पण माइकला व्होल्टेजच पोचत नाही. म्हणून फँटम देण्याआधी टोक असो वा टॅप, अर्थची जोडणी सोडवा. हाच ट्रान्सफॉर्मर मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर 'तपासणं' हाही गोड गैरसमज आहे: मीटरही डीसीच सोडतो. छोटा एसी सिग्नल देऊन बघा.

गेनचा अंदाज चुकणे

व्ही72चा गेन 34 डेसिबल, म्हणजे व्होल्टेज पन्नासपट. मोठ्या आवाजासमोरच्या कंडेन्सर माइकने 100 मिलिव्होल्ट दिले तर बाहेर 5 व्होल्ट! रिबन माइकला मात्र हाच गेन अपुरा वाटेल. व्ही76चा 76 डेसिबलचा गेन तर त्याहून कितीतरी मोठा. नुसतं आउटपुटवर पोटेन्शिओमीटर लावून भागत नाही, कारण विकृती तोवर आत झालेली असते. इनपुटला 20 डेसिबलचा पॅड (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारं सर्किट), आउटपुटला वेगळा अटेन्युएटर, असे दोन्ही ठेवा.

आउटपुटचं आणखी एक. बरीच मॉड्यूल्स 600 ओहमच्या भारासाठी बनवलेली होती. आजचे इनपुट 10 किलोओहमच्या पुढचे, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर मोकळा राहतो आणि वरच्या सुरांना कर्कश धार येते. अशा मॉड्यूलच्या आउटपुटवर 620 ओहमचा रेझिस्टर आडवा लावला की बहुधा आवाज निवळतो. सर्किट आकृती पाहूनच लावा, सगळ्यांना हे लागू नाही.

गुणगुणीवर डोळे झाकून व्हॉल्व्ह बदलणे

मी स्वतः दोन संध्याकाळी व्हॉल्व्ह उलटसुलट करत घालवल्या. शेवटी पॉवर सप्लायचा डबा हातभर लांब सरकवला आणि गुणगुण गायब! आधी गुणगुणीचा सूर ओळखा. 50 हर्ट्झच्या विजेवर 50चाच सूर असेल तर हीटरच्या तारा किंवा मेन ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र, 100चा असेल तर फिल्टर कपॅसिटर. अधूनमधून खडखड येत असेल तर प्लेटचा कार्बन रेझिस्टर बघा. व्हॉल्व्ह टिचकी मारल्यावर घणघणला, तरच त्याला दोष द्या. आणि व्ही72मधल्या ईएफ804एस व्हॉल्व्हच्या जागी ईएफ86 व्हॉल्व्ह सरळ खोचू नका, गुण जवळपास सारखे असले तरी पिनांची मांडणी वेगळी आहे.

जुना कनेक्टर कापून टाकू नका, त्याची जोडी शोधून त्यावरून एक्सएलआर (माइकचा तीन पिनांचा कनेक्टर) काढा. मग खात्रीच्या प्रीअ‍ॅम्पवर एक आणि यावर एक असे दोन माइक शेजारी ठेवून रेकॉर्ड करा. दोन्ही एकत्र वाजवताना आवाज पोकळ झाला, तर एक्सएलआरच्या 2 आणि 3 क्रमांकाच्या तारा अदलाबदल करा.