कच्च्या दुधाचं चीज की पाश्चराइज्ड? युरोपात चीज घेताना काय बघायचं

आधी पाकीट उलटून लेबल वाचा. फ्रान्समध्ये 'ले क्रू' म्हटलं की कच्चं दूध, 'पास्तोरिझे' म्हटलं की पाश्चराइज्ड (म्हणजे साधारण 72 डिग्रीला 15 सेकंद तापवलेलं), इटलीत कच्च्याला 'लात्ते क्रूदो' म्हणतात. नुसत्या नावावर जाऊ नका, कारण 'कामाम्बेर द नॉर्मांदी' हे फ्रान्सचं मऊ चीज कच्च्या दुधाचंच असतं पण दुकानातलं साधं स्वस्त कामाम्बेर बहुतेक पाश्चराइज्ड निघतं, डबी मात्र दोघांची तशीच गोल लाकडी.

चवीचं म्हणाल तर कच्च्या दुधातले मूळचे बॅक्टेरिया चीजमध्ये कामाला लागतात म्हणून वास उग्र, चव खोल, आणि गाय काय चरली त्याप्रमाणे बदलणारी. पाश्चराइज्डमध्ये ते बरेचसे मरतात, मग बाहेरून कल्चर घालतात, आपण विरजण लावतो तसंच, त्यामुळे दर वेळी चव तीच. रोज सँडविचमध्ये घालायला हेच बरं, उगाच महागडं घेऊन टोस्टरमध्ये वितळवण्यात काय अर्थ?

आता महत्त्वाचं. कच्चं म्हणजे सगळं धोक्याचं असं नाही, मऊ की कडक हेही तितकंच बघायचं. इटलीचं कडक चीज पार्मिजानो रेज्जानो कच्च्या दुधाचंच असतं पण किमान 12 महिने मुरतं, पाणी कमी, मीठ भरपूर, जंतूंना वाढायला जागाच उरत नाही. मऊ ओलसर चीजमध्ये लिस्टेरिया नावाचा आजारी पाडणारा जंतू वाढू शकतो आणि तो फ्रिजमध्येही वाढतो, हे लोकांना माहीतच नसतं. अमेरिकेत कच्च्या दुधाचं चीज किमान 60 दिवस मुरवल्याशिवाय विकता येत नाही ते जंतूंच्या धोक्यामुळेच.

घरात कोणी गरोदर असेल, लहान बाळ, म्हातारी माणसं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर कच्च्या दुधाचं मऊ चीज आणूच नका. गरोदरपणात तर ब्री-कामाम्बेरसारखं मऊ चीज पाश्चराइज्ड असलं तरी नको, खायचंच असेल तर वाफा येईपर्यंत पूर्ण गरम करून.

आणि शाकाहारी मंडळी, पाश्चराइज्ड म्हणजे व्हेज नव्हे हं! दूध फाडायला बऱ्याचदा वासराच्या पोटातलं रेनेट नावाचं द्रव्य वापरतात, पार्मिजानोमध्ये तर तेच लागतं, तेव्हा 'मायक्रोबियल रेनेट' (सूक्ष्मजीवांपासून केलेलं) किंवा व्हेजिटेरियनचा मार्क शोधा, नाही दिसला तर काउंटरवर सरळ विचारा, सांगतात ते.