बरं झालेल्या माणसासाठी कॉयरचं गाणं कसं बांधायचं

मोठ्या आजारातून कोणीतरी उठलंय आणि त्यासाठी एखाद्या आध्यात्मिक कवितेला कॉयरची, म्हणजे अनेक आवाजांत गाणाऱ्या गायकवृंदाची, चाल लावायचीय, तर बहुतेकजण अगदी सुरुवातीपासूनच सगळ्यांना जोरजोरात गायला लावतात, जणू मॅच जिंकलीय. पण बरं होणं असं कुठे असतं, आज उठून बसलो, उद्या परत आडवे, तसंच चालतं ना, मग गाणंही तसंच जाऊ द्या.

कविता छोटी घ्या. मोठी असेल तर चार-सहा ओळी उचला, सगळी गायलाच पाहिजे असं काही नाही. नॉर्विचची ज्युलियन ही मध्ययुगातली इंग्लिश संत-लेखिका 1373 मध्ये मरणाच्या दारातून परत आली आणि त्या आजारपणातल्या दर्शनांवर तिने लिहिलं, गद्य आहे पण गाता येतं. फक्त एक बघा, मूळ लिखाण कितीही जुनं असलं तरी आजच्या अनुवादावर कोणाचातरी हक्क असू शकतो, परवानगी आधीच घ्या.

मग मोठ्याने वाचा आणि जिथे दम घ्यावासा वाटतो तिथे पेन्सिलने खूण करा. समजा ओळ आहे, 'श्वासा, तू परत आलास'. 'श्वासा' फक्त आल्टोंना, म्हणजे बायकांतल्या खालच्या आवाजांना, द्या, एकाच स्वरावर, हळू. स्वल्पविरामाला खरोखर गप्प राहायचं, पियानोने पण मध्ये लुडबुड करायची नाही. 'परत' मधले स्वर ऱ्हस्व आहेत, ते ताणले की शब्द ओळखू येत नाही, तो पटकन जाऊ द्या आणि लांबवायचं ते 'आलास' मधलं 'आ', तिथे खालून बेस, म्हणजे पुरुषांतले सगळ्यात खालचे आवाज, आत येतील. वरच्या पट्टीतली सोप्रानोची, म्हणजे बायकांतल्या सगळ्यात वरच्या आवाजांची, जागाही अशाच 'आ' वर ठेवा, 'ई' वर गळा आवळतो.

रचनेचा सांगाडा हवा असेल तर बेथोव्हेनचं बघा. 1825 च्या आजारपणातून उठल्यावर त्याने ओपस 132 हे क्वार्टेट, म्हणजे चार वाद्यांची रचना, पूर्ण केलं, त्यात नुसती तंतुवाद्यं आहेत पण तिसरा भाग आपल्या फार कामाचा आहे, आधी लिडियन मोड या जुन्या चर्चसंगीतातल्या स्वरसप्तकातलं संथ स्तोत्र, मग अंगात ताकद येतेय असा हलका भाग, परत स्तोत्र, परत ताकद, शेवटी स्तोत्रच. ते स्तोत्र दरवेळी थोडं बदलून येतं, हे मला सगळ्यात जास्त आवडतं.

कॉयरमध्ये स्वतः आजारातून उठलेले लोक असतील तर खुर्च्या ठेवा, पट्टी फार वर नको, आणि लांब स्वरावर सगळ्यांनी एकदम श्वास न घेता आळीपाळीने घ्यायचा, म्हणजे स्वर तुटत नाही आणि कोणाची दमछाकही होत नाही. छातीचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालंय त्यांनी डॉक्टरांना विचारूनच गायचं.

आणि शीटवर वरती आजाराचं नाव छापायच्या आधी त्या माणसाला विचारा, कित्येकांना ते नको असतं.