एचपीएमसीचं द्रावण करताना या चुका टाळा

टॅब्लेट कोटिंगवाल्यांचा फोन आला की मी आधी विचारतो, "पाणी किती गरम होतं?" उत्तर बहुतेक वेळा तेच असतं: "सर, लवकर विरघळावं म्हणून तापवलं."

साखर गरम पाण्यात पटकन विरघळते म्हणून एचपीएमसीही (हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइलसेल्युलोज, गोळ्यांवर आवरण चढवायला वापरतात ती सेल्युलोजपासून केलेली पावडर) विरघळेल, हा समज आधी काढून टाका. साध्या सेल्युलोजच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरून असतात, म्हणून कापूस पाण्यात कितीही भिजवा, तसाच राहतो. त्यातल्या काही हायड्रॉक्सिल (OH) गटांच्या जागी मिथॉक्सी आणि हायड्रॉक्सीप्रोपिल गट बसवले की पकड सुटते आणि मध्ये पाणी शिरतं. पण मिथॉक्सी मुळात पाण्याशी फटकून वागणारा. गार पाण्यात त्याच्याभोवती रेणूंचं कडं असतं, तोवरच तो सुटा राहतो. तापवलं की कडं मोडतं, हे गट एकमेकांना चिकटतात आणि जेल होतो. कोटिंगच्या २९१० प्रकारात हे साधारण ६० अंशांना घडतं.

एकदा रात्रपाळीतल्या मुलाने गार पाण्यात सगळी पावडर एकदम ओतली. गुठळ्या झाल्या. त्या मोडायला त्याने टाकीच्या जॅकेटला, म्हणजे बाहेरच्या पोकळ आवरणाला, वाफ सोडली. सकाळी झाकण उघडलं तर आत पांढुरका लगदा, स्टररला लोंबणारा. एक गुठळी कापून पाहिली: बाहेर चिकट, काचेसारखी साल आणि आत कोरडी ठणठणीत पावडर. जॅकेटला चिल्ड वॉटर लावल्यावर जेल सुटला, पण गुठळ्या चाळणीतच राहिल्या. घनपदार्थाचं प्रमाण चुकलं, सगळी टाकी ओतून द्यावी लागली.

माझी सवय सांगतो. एक तृतीयांश पाणी ८० ते ९० अंशांना न्यायचं, ढवळून भोवरा धरायचा आणि पावडर हाताने भुरभुरवायची. इतक्या गरम पाण्यात ती विरघळत नाही, म्हणूनच कण न् कण सुटा भिजतो. मग उरलेलं पाणी बर्फासारखं गार घालायचं. पिठल्याच्या बरोब्बर उलट: बेसन गारात कालवून उकळत्यात सोडतो, इथे गरमात भिजवून गारात. नंतर रात्रभर ठेवायचं, बुडबुडे निघून जातात. अर्ध्या तासात स्प्रे सुरू करायची घाई मला अजिबात पटत नाही.

सॉल्व्हंट कोटिंगमध्ये (पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावक) नुसतं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा नुसतं डायक्लोरोमिथेन वापरू नका. उरलेल्या हायड्रॉक्सिलना अल्कोहोल हवं, मिथॉक्सीला डायक्लोरोमिथेन. दोन्ही मिळून साखळी उलगडते. पावडर आधी आयपीएत भिजवा, डायक्लोरोमिथेन मागून.

सेल्युलोज ॲसिटेट म्हटलं की ॲसिटोन, असंही नसतं. दर ग्लुकोज घटकामागे हायड्रॉक्सिलच्या ३ पैकी साधारण २.५ जागा ॲसिटेटने भरलेला ॲसिटोनमध्ये जातो. तिन्ही भरलेल्या ट्रायॲसिटेटला डायक्लोरोमिथेनच लागतं. डबा उघडण्याआधी लेबल वाचा.

सीएमसीच्या (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) पाण्यात मीठ आधी घालू नका. आधी सीएमसी पूर्ण फुलू द्या, मीठ नंतर.