गच्चीवरून मोजा पृथ्वीचा कल

‘पृथ्वीचा आस २३.५ अंशांनी कललेला आहे, म्हणून ऋतू होतात.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलं, पेपरात लिहिलं आणि मार्क घेऊन मोकळे झालो. हा कल मोजायचा कसा, हे मात्र फारसं कुणी दाखवलं नाही. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. दादर, मुलुंड, बोरिवली, कुठल्याही इमारतीची गच्ची, प्लायवूडचा एक तुकडा आणि वर्षातल्या दोन-तीन दुपारी पुरतात. नीट केलंत तर उत्तर अर्ध्या अंशाच्या आत येतं.

आधी तारखा ठरवा. पुस्तकी पद्धत सांगते की २१ जून आणि २२ डिसेंबर या दोन अयनदिनांना, म्हणजे सूर्य उत्तर-दक्षिणेच्या टोकाला पोचतो त्या दिवशी, सावली मोजा. मुंबईत यातला जून सरळ सोडून द्यायचा. हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मुंबईत पाऊस ११ जूनच्या आसपास दाखल होतो, आणि त्यानंतर दहा दिवसांनी भर दुपारी स्वच्छ ऊन मिळेल या भरवशावर कुणी राहू नये. आपल्यासाठी मार्च आणि डिसेंबर हीच जोडी बरी. दोन्ही वेळा आकाश मोकळं असतं.

डिसेंबरची तारीख सैल आहे. अयनदिनाच्या सुमारास सूर्याचं उत्तर-दक्षिण सरकणं जवळजवळ थांबलेलं असतं. पाच दिवस इकडे-तिकडे झाले तरी फरक अंशाच्या दहाव्या भागाएवढाच पडतो, त्यामुळे नाताळच्या सुट्टीला केलं तरी चालतं. मार्चमध्ये अशी सवलत नाही. संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याच्या, दिवसांत सूर्य रोज सुमारे ०.४ अंश सरकतो. म्हणून २० आणि २१ मार्च, दोन्ही दुपारी मोजा आणि सरासरी घ्या. मार्च हुकला तर २२-२३ सप्टेंबर आहे, पण तेव्हा ढगांशी गाठ आहे.

सामान

दोन फूट बाय दोन फूट प्लाय (सुताराकडे तुकडा सहज मिळतो), साधारण अर्ध्या मीटरची लाकडी पट्टी, जाड पुठ्ठ्याचा हाताच्या पंजाएवढा तुकडा, दोरा, नट किंवा किल्ली, मोजपट्टी, पेन्सिल. प्लायच्या एका कडेपासून चार बोटं आत, मधोमध, पट्टी खालून स्क्रू मारून उभी करा. पट्टीच्या टोकावर पुठ्ठा आडवा, प्लायला समांतर चिकटवा. त्याचा थोडा भाग पट्टीच्या पुढे, म्हणजे प्लायच्या मोकळ्या बाजूला येऊ द्या आणि त्या भागात तीनेक मिलिमीटरचं भोक पाडा.

नुसत्या काठीच्या सावलीचं टोक धूसर पडतं, कारण सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. ती धूसर कड नेमकी कुठे संपते यावर घरात वाद होतात. भोकातून पडणाऱ्या ठिपक्याचा मध्य मात्र बिनवाद सापडतो.

आता दोरा भोकातून खाली सोडा, टोकाला नट बांधा. झाला ओळंबा. नट जिथे टेकतो तिथे फुली मारा. यापुढची सगळी मोजमापं या फुलीपासून. पट्टी जराशी वाकडी बसली असली तरी बिघडत नाही. हिशोबात दोनच गोष्टी येतात, भोकाची प्लायपासूनची उंची आणि फुली ते ठिपका हे अंतर. समजा उंची ५० सेंटिमीटर आली.

गच्चीवर

चावी वॉचमनकडे असली तरी सेक्रेटरींच्या कानावर घालून ठेवा, म्हणजे ऐन साडेबाराला चौकशी सुरू होत नाही. पाण्याच्या टाकीची आणि डिशांची सावली येणार नाही अशी जागा निवडा.

सगळ्यात जास्त घोळ प्लाय समपातळीत ठेवण्यात होतो. पाणी वाहून जावं म्हणून प्रत्येक गच्चीला पाइपाच्या दिशेने ढाळ दिलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, उत्तरात नेमका उतरतो, कारण प्लाय एक अंश कलला तर उत्तरही एक अंशापर्यंत चुकतं. तेव्हा मिस्त्रीची लेव्हल किंवा फोनवरचं लेव्हलचं ॲप वापरा आणि प्लायखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारून आधी लांबीत, मग रुंदीत पातळी साधा. ओळंब्याची फुली पातळी साधल्यावरच मारा. आधी मारलेली असेल तर पुन्हा तपासा. पट्टीची बाजू दक्षिणेला, मोकळी बाजू उत्तरेला. दिशेत थोडी गफलत झाली तरी चालेल.

घड्याळात बारा वाजतात तेव्हा मुंबईत मध्यान्ह नसते. आपलं घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशावर चालतं आणि मुंबई ७२.८ वर आहे. एका अंशाला चार मिनिटं या हिशोबाने सूर्य आपल्या माथ्याच्या रेषेवर सरासरी ३९ मिनिटं उशिरा येतो. त्यात तारखेनुसार थोडा फेर पडतो. डिसेंबरच्या अयनदिनी ती वेळ सुमारे १२.३७ असते, २०-२१ मार्चला १२.४६. म्हणून सव्वाबारा ते सव्वा एक, दर पाच मिनिटांनी ठिपक्याच्या मध्यावर पेन्सिलची खूण करा आणि बाजूला वेळ लिहा. टोपी घाला, पाणी जवळ ठेवा, सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघू नका.

तासाभराने खुणांची ओळ तयार होते. त्यातली फुलीच्या सर्वांत जवळची खूण ही मध्यान्हीची, आणि फुलीपासून तिच्याकडे काढलेली रेघ अस्सल उत्तर दिशा दाखवते. स्लॅबमधल्या सळयांमुळे भरकटणाऱ्या फोनच्या होकायंत्रापेक्षा मी या रेघेवर विश्वास ठेवेन. आणखी एक बघा. मार्चमधल्या खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम सरळ रेघ मिळते. डिसेंबरमध्ये त्याच खुणांची कमान होते.

हिशोब

मध्यान्हीचं अंतर भागिले उंची. फोनच्या कॅल्क्युलेटरवर त्या आकड्याचा ‘टॅन इन्व्हर्स’ घ्या, म्हणजे सूर्य डोक्यापासून किती अंश ढळलेला होता ते कळतं. त्रिकोणमितीचा कंटाळा असेल तर कागदावर मापात काटकोन त्रिकोण काढा आणि कंपासपेटीतला कोनमापक लावा.

दादरसारख्या ठिकाणी मार्चमध्ये अंतर साधारण १७.२ सेंटिमीटर येईल. १७.२ भागिले ५० म्हणजे ०.३४४, कोन १९ अंश. डिसेंबरमध्ये ४५.६ सेंटिमीटर, म्हणजे ०.९१२, कोन ४२.४ अंश. वजाबाकी करा: २३.४. हाच पृथ्वीचा कल. आर्यभटाने तो २४ अंश धरला होता. आज अचूक मोजमापाने तो २३.४४ अंश आहे.

वजाबाकीने कल का मिळतो? संपातदिनी सूर्य विषुववृत्तावर बरोबर डोक्यावर असतो. मुंबई तिथून १९ अंश उत्तरेला, म्हणून आपल्याला तो माथ्यापासून १९ अंश दक्षिणेला दिसतो. मार्चचा कोन म्हणजे तुमच्या गच्चीचा अक्षांश. डिसेंबरपर्यंत सूर्य विषुववृत्त सोडून दक्षिणेला जितका सरकतो, तितकाच कोन वाढतो. तो मकरवृत्तापर्यंतच जातो आणि मागे फिरतो. किती पुढे जाऊन फिरायचं, हे आसाचा कल ठरवतो.

हे डोळ्यांसमोर येत नसेल तर एक मोसंबं घ्या, अगरबत्तीची काडी आरपार घाला आणि खोलीच्या मधोमध दिवा ठेवा. काडी थोडी कलती धरून दिव्याभोवती फेरी मारा. अट एकच, काडीचं वरचं टोक पूर्ण फेरीत एकाच भिंतीकडे रोखलेलं राहिलं पाहिजे. बहुतेक जण, शिक्षकसुद्धा, चालता चालता काडी दिव्याकडे वळवत नेतात आणि मग काहीच समजत नाही. पृथ्वीचा आस वर्षभर ध्रुवताऱ्याच्याच दिशेने असतो. त्यामुळे फेरीच्या एका बाजूला मोसंब्याचा वरचा अर्धा भाग दिव्याकडे झुकतो (तो जून), आणि समोरच्या बाजूला आल्यावर पाठ फिरवतो (तो डिसेंबर).

सूर्याच्या जवळ गेलं की उन्हाळा, हा समज काढायलाही हीच फेरी कामाची. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती १५ कोटी २१ लाख किलोमीटर दूर असते. आपण स्वेटर शोधतो तेव्हा सूर्य जवळ असतो.

ठिपक्याकडे नीट बघा

मार्चमध्ये ठिपका जवळजवळ गोल पडतो. डिसेंबरमध्ये तो उत्तर-दक्षिण लांबलेला, अंडाकृती आणि फिकट दिसतो. भोक तेच, त्यातून आलेलं ऊनही तेवढंच, पण ते जास्त जागेवर पसरलं. हिवाळा म्हणजे काय, ते त्या प्लायवर दिसतं. डिसेंबरच्या मध्यान्ही मुंबईच्या एका चौरस फुटावर पडणारं ऊन हे माथ्यावरच्या उन्हाच्या साधारण तीन-चतुर्थांश असतं. त्यात दिवसही लहान. मुंबईचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकरा तासांचा. दिल्लीत हेच आकडे चौदा तास आणि दहा तास वीस मिनिटं असे आहेत. आपली थंडी नावापुरती असण्यात समुद्राचा हात आहेच, पण विषुववृत्ताशी असलेली ही जवळीकही आहे.

मग जूनमध्ये मुंबई सर्वांत जास्त का तापत नाही? एक तर सूर्य आपल्या डोक्यावरून जूनच्या आधीच जातो. १५-१६ मेला दुपारी १२.३५च्या सुमारास गच्चीवर उभी ठेवलेली बाटली सावली टाकत नाही, हा शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर सूर्य चक्क उत्तरेला जातो आणि २७-२८ जुलैला परत येताना पुन्हा माथ्यावर येतो. तो दुसरा दिवस पावसात वाहून जातो. दुसरं कारण पाऊसच, आणि तोही कलामुळेच येतो. पृथ्वीचा उत्तरेकडचा अर्धा भाग सूर्याकडे झुकलेला असतो त्या महिन्यांत भारताची जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, वायव्येकडे हवेचा दाब कमी होतो, बाष्पाने भरलेले वारे अरबी समुद्रावरून आत ओढले जातात आणि ढग उन्हाची वाट अडवतात. ढग हटले की ऑक्टोबर हीट आहेच.

प्लायवाचून काही बघायचं असेल तर दादर चौपाटीवर जा. मेअखेर सूर्य सी लिंकच्या वांद्र्याकडच्या भागामागे मावळतो, डिसेंबरात डावीकडे, वरळीच्या इमारतींकडे. जून ते डिसेंबर मावळतीची जागा क्षितिजावर जवळजवळ ५० अंश सरकते.

संक्रांतीचाही खुलासा याच प्लायवर होतो. ‘संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो’ असं आपण म्हणतो, पण दिवस वाढायला लागतो तो २२ डिसेंबरनंतर. आपली पंचांगं सूर्याची रास ताऱ्यांच्या संदर्भात मोजतात, आणि पृथ्वीचा आस भोवऱ्याच्या दांड्यासारखा डुलत सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो. त्यामुळे ताऱ्यांवरून धरलेली तारीख ऋतूंपासून हळूहळू सरकत जाते. सुमारे १७ शतकांपूर्वी मकर संक्रांत आणि उत्तरायणाची सुरुवात एकत्र होती, आता तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडलं आहे. १४ जानेवारीपर्यंत मुंबईचा दिवस सातेक मिनिटांनीच वाढलेला असतो आणि ती सगळी वाढ संध्याकाळच्या खात्यात जाते. सूर्योदय उलट सव्वासातपर्यंत लांबतो, म्हणून सातच्या शाळेला पोरं अंधारातच निघतात. त्या दिवशी प्लाय मांडलात तर मध्यान्हीची खूणही १२.४८च्या सुमारास मिळेल, डिसेंबरपेक्षा अकरा मिनिटं उशिरा.

नाताळच्या सुट्टीत कोकणात गावी जाणार असाल तर प्लाय गाडीत टाका. सावंतवाडीला, दादरच्या तारखेच्या एक-दोन दिवस मागेपुढे, त्याच पद्धतीने मोजा. ५० सेंटिमीटरला तिथे ४०.९ च्या आसपास अंतर मिळेल, म्हणजे ३९.३ अंश. दादरशी फरक ३.१ अंशांचा. आता नकाशावर दोन्ही ठिकाणांमधलं फक्त उत्तर-दक्षिण अंतर मोजा, हायवेचे किलोमीटर धरू नका. ते ३४५ किलोमीटरच्या आसपास भरतं. ३४५ गुणिले ३६०, भागिले ३.१ केलं की ४०,००० किलोमीटरच्या जवळचा आकडा येतो, म्हणजे पृथ्वीचा परीघ. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने इजिप्तमधल्या दोन गावांवरून हाच हिशोब मांडला होता. अंगण शेणाने सारवलेलं असलं तरी लेव्हल मात्र लावाच, तिथेही ढाळ असतो.