कॉम्प्रेसर गेला म्हणायच्या आधी एवढं तपासा

फ्रिजच्या मागून कट्ट आवाज येतो, मग पाच-दहा सेकंद घूं करतो, परत कट्ट आणि सगळं शांत. थोड्या वेळाने परत तेच. गेल्या पावसाळ्यात लालबागला मावशीकडे हेच चालू होतं, फ्रीझरमधली सुरमई सुटायला लागलेली, आणि जो मेकॅनिक येऊन गेला त्याने मल्टीमीटर न लावताच सांगितलं की कॉम्प्रेसर गेला, नवीन टाका, गॅस पण भरावा लागेल. मी जाऊन रिले, म्हणजे कॉम्प्रेसरची मोटर सुरू करून देणारा छोटा भाग, काढून कानाशी हलवला तर आत खडखड वाजत होता. रिले आणि ओव्हरलोड (मोटर जास्त तापली की लाइन तोडणारा भाग) बदलला, शंभर-दोनशेचं सामान, फ्रिज चालू झाला. म्हणून मला मनापासून वाटतं की क्रमाने तपासणी प्रत्येकाला माहीत असावी, निदान समोरचा काय सांगतोय ते तरी कळेल.

आधी सेफ्टी. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. मागे कॉम्प्रेसरजवळ छोटा कपॅसिटर असेल तर प्लग काढल्यावरही त्यात चार्ज असू शकतो, त्याची दोन टोकं बल्ब लावलेल्या होल्डरच्या वायरने जोडून डिस्चार्ज करा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. स्टिकरवर आर ६००ए लिहिलंय का बघा, तो गॅस पेट घेतो, तिथे ठिणगी आणि आग दोन्हीपासून लांब राहायचं. आणि टर्मिनलचं, म्हणजे कॉम्प्रेसरला वायर लागतात तिथलं, झाकण उघडं ठेवून कॉम्प्रेसर कधीच चालू करायचा नाही, कारण आत शॉर्ट असेल तर पिन तेलासकट बाहेर उडू शकते.

आता पहिली तपासणी कॉम्प्रेसरची नाहीच, प्लग पॉइंटची. चाळीत आणि जुन्या बिल्डिंगमध्ये वायरिंग बारीक असते, पॉइंट ढिला झालेला असतो, त्यात एक्स्टेंशनवर फ्रिज आणि मिक्सर दोन्ही. मीटरवर नुसता असाच २३० व्होल्ट दाखवेल, पण फ्रिज सुरू व्हायच्या क्षणी तोच १८० पर्यंत उतरत असेल तर मोटर उचलत नाही आणि दोष बिचाऱ्या कॉम्प्रेसरवर येतो. सुरू होताना व्होल्टेज बघायचं, हे लोक सर्रास विसरतात. पण चालू लाइनवर मीटर लावायची सवय नसेल तर एवढं काम वायरमनकडून करून घ्या.

आतला दिवा लागतो पण मागून काहीच आवाज नाही, कट्ट पण नाही, असं असेल तर थर्मोस्टॅटकडे, म्हणजे थंडी बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या नॉबकडे वळा. प्लग काढून त्याच्या दोन वायर सोडवा, नॉब चालू करून मीटरने बघा, जवळजवळ शून्य ओम यायला हवं. जुन्या फ्रॉस्ट फ्री फ्रिजला डीफ्रॉस्ट टायमर असतो, तो डीफ्रॉस्टवर (साचलेला बर्फ वितळवण्यावर) असताना कॉम्प्रेसर बंदच राहतो, तेव्हा अर्धा तास थांबल्याशिवाय काही खोलू नका.

कट्ट-घूं-कट्ट असेल तर रिले आणि ओव्हरलोड. प्लास्टिकचं झाकण काढलं की दोन्ही दिसतात. लग (वायरच्या टोकाची पिनवर बसणारी धातूची टोपी) काढताना वायर ओढू नका, पक्कडीने लग धरून सरळ बाहेर घ्या, पिन वाकडी-तिकडी फिरवली तर तिच्या भोवतीची काच तडकते, गॅस निघून जातो आणि मग खरंच कॉम्प्रेसर गेला. आपल्याकडे समुद्राच्या दमट हवेने हे लग हिरवे-काळे पडतात, नुसते पॉलिश पेपरने घासून, ढिले असतील तर नवीन दाबून बसवून (क्रिंप करून) फ्रिज चालू झाल्याचं मी बऱ्याच वेळा बघितलंय.

पीटीसी रिले (तापल्यावर ज्याचे ओम वाढतात तो प्रकार) पूर्ण थंड झाल्यावर त्याच्या दोन भोकांत मोजायचं, साधारण दहा ते पन्नास ओमच्या मध्ये काहीतरी यायला हवं. काहीच दाखवत नसेल, किंवा हलवल्यावर खडखड वाजत असेल, तर गेला. ओव्हरलोड थंड असताना जवळजवळ शून्य ओम दाखवतो. आणि कृपा करून ओव्हरलोड बायपास करून "चालू करून" देणाऱ्याला घरात ठेवू नका, तो ट्रिप होतोय म्हणजे कॉम्प्रेसरला वाचवतोय, काढून टाकला तर वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या तारेचे वेढे, जळतात. बदलताना त्याच नंबरचाच घ्या, मुंबईतल्या लोहार चाळीच्या बाजारात किंवा जवळच्या स्पेअरपार्टवाल्याकडे जाताना जुना पीस खिशात घेऊन जा.

आता वाइंडिंग. तीन पिना असतात, कॉमन, स्टार्ट, रन. कुठली कुठली ते स्टिकरवर असतं, नसेल तर तिन्ही जोड्या मोजा, ज्या जोडीत सगळ्यात जास्त ओम येतात त्यात नसलेली तिसरी पिन कॉमन. समजा कॉमन-रन १४, कॉमन-स्टार्ट २२ आले तर रन-स्टार्ट ३६ च्या आसपास यायला पाहिजे, बेरीज जुळली पाहिजे. आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, नातं बदलत नाही. रन-स्टार्ट बरोबर येतंय पण कॉमनकडून दोन्ही उघडी दाखवतायत, म्हणजे मीटर जोडणीच दाखवत नाही, तर आत ओव्हरलोड असलेला कॉम्प्रेसर तापलेला असू शकतो, तास-दोन तास थंड होऊ द्या आणि परत मोजा, घाईने भंगारात टाकू नका.

मग प्रत्येक पिन आणि कॉम्प्रेसरची बॉडी. त्यासाठी कॉपर पाइपवर थोडं घासून रंग काढा, नाहीतर मीटर खोटं बोलेल. साध्या मीटरवर काहीच यायला नको. एमसीबी किंवा ईएलसीबी (लीकेज झालं की लाइन तोडणारा स्विच) पडत असेल तर ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने मोजायला हवं, कारण साध्या मीटरला बारीक लीकेज दिसत नाही. दोन मेगाओमच्या खाली गेलं की मी तो कॉम्प्रेसर वापरत नाही, घरात लहान मुलं अनवाणी फ्रिज उघडतात.

सगळं बरोबर, नवीन रिले-ओव्हरलोड, व्होल्टेज ठीक, दाब समान व्हायला दहा मिनिटं दिली, तरी नुसता घूं करून ट्रिप होतो? मग आतून जाम आहे, किंवा वाइंडिंगच्या वेढ्यांत शॉर्ट आहे जो ओमवर पकडता येत नाही. तेव्हा कॉम्प्रेसर बदलणं भागच आहे आणि तिथे मेकॅनिकचं ऐका.

इन्व्हर्टर फ्रिजला, म्हणजे ज्याच्या कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होतो त्याला, यातलं रिले-ओव्हरलोडचं काही लागू नाही. त्याच्या तिन्ही जोड्यांत सारखेच ओम येतात, आणि त्याला डायरेक्ट २३० व्होल्ट द्यायचे नाहीत, जळतो. तिथे बहुतेक वेळा पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड बघावा लागतो.

झाल्यावर झाकण लावून क्लॅम्प मीटर (वायरभोवती धरून करंट मोजणारा) कॉमनच्या वायरभोवती धरा. घरगुती छोट्या सिंगल डोअर फ्रिजला सुरुवातीला करंट उसळून क्षणात एका अ‍ॅम्पियरच्या आसपास किंवा त्याच्याही खाली यायला हवा, पाच-सात वर अडकून राहिला तर लगेच बंद करा. मावशीचा एकच्या खाली आला, तासाभराने फ्रीझरच्या भिंतीवर बर्फाचा पातळ थर धरायला लागला, तेव्हा कुठे मी हात धुऊन चहा घेतला.